हनोईत एक दिवस: खायच्या वेळा आधी ठरवा, बघायच्या जागा नंतर

हनोईला मी दोनदा गेलो. पहिल्या वेळी टूरवाल्यांच्या कागदावरची नऊ ठिकाणं एका दिवसात उरकली आणि दुपारी तीनला 'आता बुन चा खाऊ' म्हणून निघालो, तर टपरीवाली बाई कोळसे विझवून भांडी घासत होती. बुन चा हे तिथलं दुपारचं जेवण, आणि बऱ्याच ठिकाणी ते दीड-दोनला संपतं. दुसऱ्या वेळी आईला घेऊन गेलो. आई शुद्ध शाकाहारी, मी काहीही खाणारा. तेव्हा उलटं केलं: कोणता पदार्थ किती वाजता मिळतो ते आधी लिहिलं आणि मधल्या रिकाम्या जागांत देवळं, तळं, गल्ल्या बसवल्या. दिवस असा काही जुळून आला की तोच क्रम इथे देतोय.

निघण्याआधी

भारतीयांना व्हिएतनामसाठी व्हिसा लागतो, पण तो घरबसल्या ई-व्हिसा म्हणून मिळतो. एकदा प्रवेशासाठी शुल्क २५ डॉलर, मुदत जास्तीत जास्त ९० दिवस. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच भरा. गूगलवर आधी दिसणारी बरीच पानं एजंटांची असतात आणि ते वरचे पैसे लावतात. नाव पासपोर्टवर आहे तसंच, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जिथे छापलंय तिथेच टाका. मराठी माणसाचं तीन पदरी नाव त्या फॉर्मच्या दोन रकान्यांत बसवताना चूक हमखास होते, म्हणून पाठवण्याआधी दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या.

हवा ऑक्टोबर-नोव्हेंबरात सगळ्यात छान. मार्च-एप्रिलही चालतो. डिसेंबर-जानेवारीत चांगली थंडी पडते, स्वेटर लागतो. 'दक्षिण-पूर्व आशिया म्हणजे उकाडा' या समजुतीनं गेलेली माणसं तिथे जॅकेटं विकत घेताना दिसतात. मे ते ऑगस्ट मात्र मुंबईसारखी चिकचिक.

पैशांचा हिशेब पहिल्या दिवशी डोकं फिरवतो, कारण साधा चहाही हजारांत. सोपी युक्ती: किमतीतली शेवटची दोन शून्यं काढा आणि उरलेल्याला तीननं भागा. ६०,००० डोंग म्हणजे ६०० भागिले ३, म्हणजे साधारण २०० रुपये. फलकावर '६० के' लिहिलं असेल तर ते साठ हजारच.

नोटा पाकिटात घालताना एक काम करा. २०,००० ची नोट निळी, आणि ५,००,००० चीही निळीच. एक सत्तर रुपयांच्या आसपास, दुसरी सोळाशेच्या वर. मी फुटपाथवरच्या चहावालीला अंधारात वीस हजार समजून पाच लाख दिले आणि उठून चालायला लागलो. ती पन्नाशीची बाई हातातली किटली ठेवून मागे धावत आली, नोट माझ्या तोंडासमोर धरून बरंच काही बोलली. शब्द कळले नाहीत, पण सूर ओळखीचा होता, आई हसली, म्हणाली, "तुला रागावतेय ती." तेव्हापासून पाच लाखाच्या नोटा वेगळ्या कप्प्यात.

फोनमध्ये ग्रॅब हे ॲप हवंच. आपल्या ओला-उबरसारखं, भाडं आधी दिसतं, घासाघीस नाही. विमानतळावरून शहरात यायला ८६ नंबरची केशरी बस स्वस्त आणि सोपी, ती जुन्या शहराजवळ सोडते. राहायची जागा होआन किएम तळ्यापासून चालत दहा-पंधरा मिनिटांत असेल अशीच घ्या. दुपारी परत येऊन आडवं होता आलं पाहिजे, हा या बेताचा कणा आहे.

वार कोणता?

हो ची मिन्ह यांची समाधी बघायची असेल तर सोमवार आणि शुक्रवार टाळा, त्या दिवशी ती बंद असते. इतर दिवशीही फक्त सकाळी उघडी, आणि वर्षातून एकदा साधारण दोन महिने देखभालीसाठी बंद. खांदे-गुडघे झाकलेले लागतात, आत फोटो नाही, बोलणं नाही, रांग मोठी. माझं प्रामाणिक मत विचाराल तर एकच दिवस हातात असताना समाधी सोडा. बाहेरचं बा दिन्ह मैदान, जिथे २ सप्टेंबर १९४५ ला स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला, ते गाडीतून जाता जाता दिसतं. आणि हो, शिवाजी महाराजांपासून प्रेरणा घेऊन व्हिएतनामनं अमेरिकेला हरवलं, ही व्हॉट्सॲपवर फिरणारी गोष्ट मी तिथे दोघा-तिघांना विचारून पाहिली. कुणी ऐकलेली नव्हती. तुम्ही विचारू नका, उगाच ओशाळायला होतं.

शनिवार-रविवारचा फायदा असा की शुक्रवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत तळ्याभोवतीचे रस्ते वाहनांना बंद असतात. आईसारखं कुणी सोबत असेल तर शनिवारच निवडा.

पहाटे साडेपाच: तळं

व्हिएतनामचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. म्हणजे तिथले साडेपाच म्हणजे तुमच्या शरीराचे पहाटेचे चार. पहिल्या दिवशी हे जमणार नाही, म्हणून हा बेत दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. पण जमवाच, कारण होआन किएम तळं पहाटे जे असतं ते नंतर उरत नाही. बायकांचे घोळके स्पीकर लावून एरोबिक्स करतात, म्हातारे बॅडमिंटन खेळतात, कुणी पंखे घेऊन सावकाश हात फिरवत असतं.

होआन किएम म्हणजे 'परत केलेली तलवार'. राजा ले लोई यानं मिंग चिन्यांना हाकललं ती तलवार तळ्यातल्या सोनेरी कासवानं परत मागून नेली, अशी कथा. तळ्यात खरोखरची महाकाय कासवं होती; शेवटचं २०१६ च्या जानेवारीत मेलं. लाल लाकडी पुलावरून ज्या न्गोक सोन देवळात जाता येतं, तिथे काचेच्या पेटीत अशाच एका कासवाचं पेंढा भरलेलं धूड ठेवलंय. ते देऊळ संध्याकाळवर ढकला, आता भूक लागायला लागलेली असते.

पावणेसात: न्याहारी

इथे तीन वाटा आहेत आणि त्यातली एक निवडायची आहे, तिन्ही नाही.

पहिली वाट फो. तांदळाच्या चपट्या शेवया, तासन्तास उकळलेलं हाडांचं पाणी, वर मांसाचे काप. पाटीवर 'बो' असेल तर गोमांस, 'गा' असेल तर कोंबडी. गोमांस न खाणाऱ्यांनी 'फो गा'च्या दुकानात जावं, कारण बोच्या दुकानात कोंबडी मागितली तरी पाणी गोमांसाचंच. उत्तरेकडचा फो साधा असतो. टेबलावर लसूण घातलेलं व्हिनेगर, मिरची, लिंबू. आधी नुसता घोट घ्या, मग पिळा. साधारण ५० ते ७० हजार.

दुसरी वाट सोय सेओ, आणि शाकाहारी मराठी माणसासाठी याहून आपुलकीचा पदार्थ त्या शहरात नाही. हळदीनं पिवळा झालेला चिकट भात. त्यावर मूगडाळ. पण डाळ कशी? शिजवून, घोटून तिचा नारळाएवढा घट्ट गोळा वळलेला असतो. विकणारी बाई तो डाव्या हातात धरते आणि सुरीनं भराभरा त्याचे पातळ पापुद्रे भातावर पाडते, नारळ खवल्यासारखे. वर मूठभर कुरकुरीत तळलेला कांदा. सगळं पानात किंवा कागदात बांधून हातात. शेवटी ती चमचाभर पातळ चरबी ओतायला जाते, तिथे मात्र झटकन हात आडवा करा. ती बहुधा प्राण्याची असते. आईनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, "ही तर मऊ खिचडी, फक्त कोरडी." त्यात तूप नाही एवढीच तिची तक्रार.

तिसरी वाट बान कुऑन. उकळत्या भांड्याच्या तोंडावर कापड ताणून बांधलेलं, त्यावर तांदळाच्या पिठाचं पातळ घोळ पसरायचं, झाकण, अर्धा मिनिट, आणि बांबूच्या पट्टीनं ती पारदर्शक पोळी उचलायची. उकडीच्या मोदकाची पारी ज्यांनी थापली आहे त्यांनी ते उचलणं जवळ उभं राहून बघावं. पोळी फाटत नाही. आत सहसा डुकराचा खिमा आणि काळी कानाच्या आकाराची अळंबी असते; नुसती पोळीही मागता येते, पण सोबतची चटणी माशाचीच.

शाकाहाऱ्यांसाठी जरा थांबून

खरा अडथळा मांस नव्हे, नुओक माम, म्हणजे माशाचं आंबवलेलं पाणी. ते आपल्या हिंगासारखं सगळीकडे असतं. टोफूच्या भाजीत, पालेभाजीत, चटणीत. 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही. एकच शब्द कामाचा: 'चाय'. 'तोय आन चाय' म्हणजे मी शाकाहारी आहे. (चहाला हनोईत 'चा' म्हणतात, अगदी आपल्या खेड्यातल्यासारखं. आई दोन दिवस चाय मागून चहाची वाट बघत होती.) उच्चार चढ-उताराचे असल्यानं आपलं बोललेलं बऱ्याचदा कळत नाही, म्हणून हे वाक्य आणि 'माशाचं पाणी नको' हे भाषांतर फोनवर मोठ्या अक्षरांत तयार ठेवा.

ज्या दुकानाच्या पाटीवर 'चाय' आहे तिथे निर्धास्त बसा. ही बौद्ध परंपरेची उपाहारगृहं. बरेच कडक बौद्ध कांदा-लसूणही वर्ज्य मानतात, त्यामुळे आपल्याकडच्या जैन मंडळींचीही सोय होते. यादीत 'कोळंबी', 'बदक' असं वाचून उठू नका, ती सोयाबीन नाहीतर गव्हाच्या चिकापासून केलेली नक्कल असते. आईसमोर आलेल्या कोळंबीला लाल पट्टे आणि शेपूटही होतं. तिनं ते कुठेही न ठेवता मला देऊन टाकलं. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, तिथली पुष्कळ माणसं शाकाहार पाळतात. तारीख जुळवता आली तर निवड वाढते.

आठ वाजता: व्हान मिएव, विद्येचं देऊळ

ग्रॅब करून दहा मिनिटांत. दार उघडताच आत गेलात तर अर्धा तास शांतता मिळते, मग शाळांच्या बस येतात. १०७० मध्ये कन्फ्यूशियससाठी बांधलेलं हे देऊळ. १०७६ मध्ये इथेच राजघराण्याची विद्यापीठासारखी शाळा सुरू झाली. एकामागून एक पाच अंगणं आहेत. पहिल्या दोनात रेंगाळू नका, तिसऱ्यात थांबा. चौकोनी तळ्याच्या दोन्ही बाजूंना दगडी कासवांच्या पाठीवर ८२ शिलालेख उभे आहेत. १४४२ ते १७७९ या काळात राजदरबारची सर्वोच्च परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांची नावं आणि गावं त्यावर कोरलेली. आपल्याकडे लढाया आणि दानं दगडावर कोरली. इथे परीक्षेचा निकाल. पूर्वी मुलं यश मिळावं म्हणून कासवांच्या डोक्यावर हात फिरवायची, डोकी गुळगुळीत झाली, आता कठडा आहे. बाहेर पडताना खिशातली एक लाखाची नोट काढून मागून बघा, तिच्यावर हेच देऊळ आहे.

दहा ते साडेअकरा: पेठा

जुन्या शहराला 'छत्तीस गल्ल्या' म्हणतात. 'हांग' म्हणजे माल. हांग बाक ही चांदीची, हांग गाय मुळात दोरखंडाची पण आता रेशमाची, हांग मा कागदी पूजासाहित्याची. ज्यानं पुण्यातली तांबट आळी आणि बोहरी आळी पायी पाहिली आहे त्याला नकाशा लागत नाही, कान पुरतात.

सरळ रस्ता असा: तळ्याच्या उत्तर टोकापासून हांग दाओ, पुढे हांग न्गांग, मग डावीकडे लान ओंग. इथे वैद्यांची औषधं. पोत्यांतून वाळलेली मुळं, साली, दालचिनी, आणि काष्ठौषधीच्या दुकानाचा तोच तो वास. पुढे थुओक बाकवरून खाली हांग थिएक, म्हणजे जस्त-कथलाच्या पत्र्याची गल्ली. फुटपाथवर बसून माणसं पेट्या ठोकत असतात, बोलणं ऐकू येत नाही. घरं समोरून जेमतेम तीन-चार मीटर रुंद आणि मागे लांबच लांब. नळीघरं म्हणतात त्यांना. आतून एखादं बघायचं तर मा मे गल्लीतलं ८७ नंबरचं घर जतन करून ठेवलंय.

रस्ता ओलांडायची रीत इथे सांगतो. दुचाकी थांबत नाहीत आणि थांबण्याची वाट बघितलीत तर संध्याकाळ होईल. मोकळी फट बघून पाऊल टाका, एका सावकाश गतीनं चालत राहा, मध्ये थबकू नका, धावू नका, मागे तर मुळीच येऊ नका. तुमचा वेग बदलला नाही तर त्या तुम्हाला वळसा घालून जातात. मोटार आणि बस मात्र वळसा घालत नाहीत, त्यांना जाऊ द्या.

टोपलीची कावड तुमच्या खांद्यावर ठेवून 'फोटो, फोटो' म्हणणाऱ्या बायकांना आधीच हसून नको म्हणा. फोटोनंतर फळं घ्यावीच लागतात, आणि भाव तेव्हा कळतो.

साडेअकरा: बुन चा

घड्याळ बघा. हांग थिएकपासून हांग मान्ह चालत पाच-सात मिनिटं, आणि तिथे बुन चाची जुनी दुकानं आहेत. शोधायची गरज नाही, धूर दिसतो. कोळशावर डुकराच्या मांसाचे काप आणि टिकल्या, बाजूला पंखा. वाडग्यात गोड-आंबट कोमट पाणी, त्यात कच्च्या पपईचे काप आणि ते भाजलेलं मांस. वेगळ्या ताटात पांढऱ्या शेवया आणि पाल्याचा ढीग. सगळं एकदम ओतू नका. शेवयांचा एक घास बुडवा, पाला तोडून टाका, खा, पुन्हा बुडवा. २०१६ मध्ये ओबामा आणि टीव्हीवरचे प्रसिद्ध शेफ अँथनी बोर्डेन हेच खायला ले व्हान हुउ रस्त्यावरच्या एका साध्या दुकानात बसले होते. ते टेबल आता काचेत आहे. तिथवर जायची गरज मला वाटली नाही.

डुक्कर चालत नसेल तर या वेळी चाय दुकान गाठा. आईनं टोफू, भात आणि पालकासारखी एक भाजी खाल्ली आणि पिशवीतला लसणाच्या चटणीचा डबा काढला. कुणी काही म्हटलं नाही. उलट मालकिणीनं वास घेऊन बघितला.

एक ते तीन: झोप

हे गंमत म्हणून लिहिलेलं नाही. दुकानदारही दुपारी दुकानातच पथारी टाकतात.

साडेतीन: अंड्याची कॉफी

न्गुयेन हुउ हुआन रस्त्यावर ३९ नंबर, दोन दुकानांमधली बोळ, आत अंधारा जिना, वर ठेंगणी स्टुलं. हे जांग कॅफे. १९४६ मध्ये दुधाचा तुटवडा होता तेव्हा मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या जांग यांनी दुधाऐवजी अंड्याचा बलक फेटून कॉफीवर घातला. आज तोच पिवळसर फेस कंडेन्स्ड मिल्कसकट येतो. कप गरम पाण्याच्या वाडग्यात बसवलेला, म्हणजे निवत नाही. निवला तर अंड्याचा वास येतो, म्हणून गप्पा नंतर. तळाची कॉफी कडू जहर असते; आधी वरचा फेस चमच्यानं खा, मग ढवळा. अंडं न खाणाऱ्यांनी नारळाच्या दुधाची कॉफी मागावी, ती बऱ्याच ठिकाणी मिळते.

संध्याकाळ

पाणबाहुल्यांच्या खेळाचं तिकीट दुपारी जातानाच काढून ठेवा. थिएटर तळ्याच्या काठावर आहे आणि चांगल्या जागा संपतात. तांबड्या नदीच्या खोऱ्यातली भाताची शेतं पाण्यानं भरली की शेतकरी हा खेळ करायचे. कलाकार पडद्यामागे कमरेएवढ्या पाण्यात उभे असतात. भाषा कळत नाही आणि अडतही नाही. जेमतेम तासाचा खेळ. पुढच्या रांगेत बसाल तर थोडे भिजाल.

खेळ नको असेल तर लाँग बिएन पुलावर जा. १९०२ मध्ये फ्रेंचांनी पुरा केलेला लोखंडी पूल. अमेरिकेच्या बाँबफेकीत कितीदा तुटला आणि जोडला गेला. मधून आगगाडी, दोन्ही कडांनी दुचाकी. आख्खा देश उजवीकडून गाडी चालवतो आणि या एका पुलावर डावीकडून. मला तिथे पोचल्यावर उगाच घरी आल्यासारखं वाटलं.

रात्रीचं जेवण: चा का

"चा का?" हे ऐकून आईनं "हो, घेऊ की" म्हटलं. पण हा चहा नाही, मासा आहे, आणि त्याच्या नावानं जुन्या शहरात एक आख्खी गल्ली आहे. हळद चोळलेल्या माशाचे तुकडे टेबलावरच्या शेगडीवर तव्यात येतात. मग वाढणारा मुलगा पातीच्या कांद्याबरोबर टोपलीभर हिरवा पाला तेलात लोटतो. तो पाला शेपू आहे. आपल्याकडे जिचं नाव काढलं की अर्धं घर ताटावरून उठतं ती भाजी, इथे मुख्य पाहुणी. हळद, शेपू, मासा, वर भाजके शेंगदाणे. तेलात अर्धा मिनिट परतलेल्या शेपूचा उग्रपणा जातो आणि बडीशेपेसारखा गोडवा राहतो. मी घरी सुरमईबरोबर करून पाहिलं, जमतं. सोबत जांभळट रंगाची कोळंबीची आंबवलेली चटणी येते, माम तोम. सुकटीच्या वासात वाढलेल्या कोकणी माणसानं ती जरूर घ्यावी, इतरांनी साधी चटणी मागावी. माणशी दीड-दोन लाख डोंग पडतात, दिवसातलं सगळ्यात महाग जेवण हेच. आईनं शेपूचा तवा बघितला, मला म्हणाली, "मासा काढून नुसती भाजी करायला सांग ना." विचारलं. त्यांनी टोफू घालून करून दिली, मात्र तवा वेगळा घ्यायला आणि माशाचं पाणी न घालायला फोनवरचं वाक्य दोनदा दाखवावं लागलं.

पोटात जागा असेल तर तळ्याच्या दक्षिणेला त्रांग तिएन रस्त्यावर १९५८ पासूनचं आइस्क्रीमचं दुकान आहे. बसायला खुर्च्या शोधू नका, सगळे उभ्यानंच खातात. 'कोम' नावाची हिरवट कांडी घ्या. कोम म्हणजे कोवळा भात भाजून, कांडून केलेले हिरवे पोहे. शरद ऋतूत गेलात तर तेच पोहे रस्त्यावर कमळाच्या पानात, भाताच्या काडीनं बांधून मिळतात. मूठभर घेऊन हळूहळू चावायचे. आईनं एक पुडा पिशवीत ठेवला, लसणाच्या चटणीच्या रिकाम्या डब्याशेजारी. दोन दिवसांत संपवा, ते टिकत नाहीत.